नियम क्रमांक सात आणि आत्याआजी

मुलांनो,

गेल्या सोमवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितलं की लॉकडाऊनमध्ये आजीने अख्खी सोसायटी एकटीने सांभाळली. तुम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. मी नुसती हसले, कारण तुमच्याकडे शाळेची बस येत होती आणि मला जे सांगायचं होतं त्याला बसपेक्षा जास्त वेळ लागतो. तुमच्या बाबाला ठाऊक असलेली हकिगत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची आहे. त्या ग्रुपची ॲडमिन मीच होते, तेव्हा त्यात माझं कौतुक असणारच. दुसरी हकिगत तुमची मराठी वाचण्याइतकी शाबूत आहे तोवर लिहून ठेवते. अडलं तर बाबाला विचारा. त्यालाही ही गोष्ट नवीनच असेल.

तुमचे आजोबा पहिल्या वर्षीच गेले, लस यायच्या कितीतरी आधी. ॲम्ब्युलन्समधून पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं आली. त्यांच्यातला पुरुष कोण आणि बाई कोण, हेसुद्धा कळत नव्हतं. आजोबा स्वतःच्या पायांनी लिफ्टपर्यंत चालत गेले आणि वळून म्हणाले, "दूध उतू जातंय बघ." एकेचाळीस वर्षांच्या संसाराचा समारोप असा झाला. नऊ दिवसांनी हॉस्पिटलातून फोन आला. पुढचं सगळं त्यांनीच केलं. तुमचा बाबा तिकडे अडकलेला, विमानं बंद. मी घरात, दारावर कागद: 'या घरात रुग्ण आहे, कृपया बेल वाजवू नये.' कागदाखाली सेक्रेटरी म्हणून सही माझीच होती. मजकूर अगदी निर्दोष होता. पाच आठवडे कोणी बेल वाजवली नाही.

शेजारी चांगले होते. दारापुढच्या स्टुलावर डबा ठेवायचे आणि पळायचे. बाराव्या दिवशी नातेवाइकांनी व्हिडिओवर शोकसभा घेतली. चौतीस चौकोनांमधून माणसं माझ्याकडे बघत होती. ज्यांना बोलायचं होतं त्यांचा आवाज बंद होता आणि ज्या एका घरचा चालू होता तिथे कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मी सर्वांचे आभार मानले आणि सभा ठरल्या वेळेला संपवली. रडले नाही. रडायला समोर कोणीतरी लागतं, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

आजोबांची मोठी बहीण, म्हणजे तुमची आत्याआजी, माझ्या वन्सं, वाकोल्याला राहतात. आजोबांपेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या. आई दिवसभर कामावर, त्यामुळे आजोबांना कडेवर घेऊन वाढवलं ते त्यांनीच. वाकोला ते मुलुंड म्हणजे काही परदेश नाही, पण त्या वर्षी तुमच्याइतक्याच त्याही लांब होत्या. रोज फोन करायच्या. मी रडवेली झाले की म्हणायच्या, "थांब गं. फोनवर काय रडायचं? मी येते, मग दोघी बसून रडू." तर आमचं हे ठरलेलं होतं. तारीख तेवढी सरकार ठरवणार होतं.

मग लस आली. आम्ही ज्येष्ठ नागरिक म्हणून आमचा नंबर पहिला. आयुष्यात पहिल्यांदा म्हातारं असण्याचा फायदा झाला आणि सगळे लगेच म्हातारे झाले. एरवी केस काळे करून पंचावन्न सांगणाऱ्या आमच्या खजिनदारांनी केंद्रावर आधार कार्ड काढून खरं वय खणखणीत आवाजात सांगितलं. मधे पुन्हा सगळं बंद झालं, ते दिवस फार वाईट होते. आमच्या दोन विंगमधून चार माणसं गेली. त्यांच्यावर विनोद करणार नाही. पण त्यानंतर निर्बंध हळूहळू उठायला लागले आणि कमिटीपुढे प्रश्न आला की फाटक किती उघडायचं.

मी विमा कंपनीत तीस वर्षं परिपत्रकं लिहिली आहेत. पळवाट नसलेलं वाक्य लिहिणं एवढीच माझी कला. एका दुपारी बसून अकरा नियम तयार केले, आधी इंग्रजीत, मग मराठीत. त्यातला सातवा असा: 'लसीचे दोन्ही डोस घेऊन चौदा दिवस पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय कोणत्याही बाहेरच्या व्यक्तीस, नाते, वय वा कारण काहीही असो, फाटकाच्या आत प्रवेश मिळणार नाही.' 'नाते, वय वा कारण' यावर मी विशेष खूश होते. कमिटीने टाळ्या वाजवल्या. तेव्हा माझ्यासाठी फार टाळ्या वाजत होत्या.

नियम लागू झाला आणि प्रमाणपत्रवाले लोक सांत्वनाला येऊ लागले. आजोबांना जाऊन वर्ष उलटलं होतं. तरी भेटायचं राहिलंय ही टोचणी प्रत्येकाला होती आणि प्रत्येकाला ती एकदाची निकालात काढायची होती. फाटकावर मोबाइल पुढे करायचे, चेहरा दुःखी करायचे आणि वर यायचे. बसल्यावर चार मिनिटं आजोबांच्या फोटोकडे बघायचे. मग कोणीतरी विचारायचं, "तुम्ही कुठली घेतलीत?"

मी सांगायची.

"अय्या, आम्हीपण तीच! ताप आला?"

"नाही."

"यांना आला ना. एकशे दोन. दोन दिवस नुसते कण्हत होते."

त्यानंतर आजोबांकडे परत येणं कठीण जायचं. घाटकोपरच्या एक बाई निघताना दारात म्हणाल्या, "किती बारीक झालात हो! पण छान दिसतंय, हां." एका जोडप्याने पोहे खाल्ले, कृती विचारली आणि लिफ्टमध्ये शिरल्यावर त्यांना आठवलं की आपण कशासाठी आलो होतो. नवऱ्याने लिफ्टच्या जाळीतून हात जोडले. मी सगळ्यांना वेळा ठरवून दिल्या होत्या, एका वेळी एकच कुटुंब, तीस मिनिटं. सगळे वेळेवर येत आणि वेळेवर जात. इतकं शिस्तीत झालेलं सांत्वन मुलुंडने पूर्वी पाहिलं नसेल. मला त्यातून काही मिळालं नाही, ही गोष्ट वेगळी.

वन्सं मात्र आल्या नाहीत, कारण त्यांनी लस घेतली नव्हती. मी फोनवर आधी समजावलं, मग शास्त्रीय माहिती दिली, मग लेखी मुद्दे पाठवले. त्यांचा शेजारी ते वाचून दाखवायचा. एक दिवस त्या चिडल्या. चिडल्या की मालवणीवर येतात. "माका सांगू नको गो. माझ्या भावाक सुयो टोचून टोचूनच मारल्यानी. मी हात पुढे करूचंय नाय."

तो सुयांनी गेला नाही, हे मी त्यांना मुद्देसूद पटवून दिलं. मुद्दे संपेपर्यंत त्यांनी फोन ठेवला होता.

आणि पुढच्या रविवारी सकाळी अकरा वाजता इंटरकॉम वाजला.

"मॅडम, गेटवर एक आजी आल्यात," वॉचमन म्हणाला. "सर्टिफिकेट मागितलं तर डबा दाखवतात."

मी खाली गेले. फाटकाच्या पलीकडे रिक्षा उभी. वन्सं गज धरून उभ्या, मास्क हनुवटीवर, काखेत स्टीलचा डबा. वॉचमन त्यांच्या आणि माझ्या मधे, हातात माझं परिपत्रक, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं. बिचाऱ्याने नियम क्रमांक सातवर बोट ठेवलं होतं.

"सही तुमचीच आहे मॅडम," तो म्हणाला. "मी काय करू, बोला."

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत खजिनदार उगवले. आदल्याच रविवारी त्यांच्या मुलीची सासू एका डोसवर आली होती आणि मी तिला आंब्याच्या पेटीसकट फाटकावरून परत पाठवलं होतं. आंबे आत घेतले होते. नियमात आंब्यांबद्दल काही नव्हतं.

"मॅडम, नियम सात!" खजिनदार ओरडले. मागोमाग तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. रविवार होता, कोणाला काही काम नव्हतं.

आणि मी काय केलं, तर वन्संना फाटकाच्या गजांतून लसीबद्दल सांगायला सुरुवात केली. तुमच्या वयाला धोका जास्त, केंद्र तुमच्या घराजवळच आहे, मी स्वतः येते. माझा आवाज अगदी बैठकीतला होता. आज ते आठवलं की मला माझी लाज वाटते, आणि ते तुमच्या बाबाने कधी पाहिलेलं नाही म्हणून मुद्दाम लिहिते.

वन्संनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "झालं तुझं? मी लस विचारायला आलेय का इथे? माझा भाऊ गेला. त्याचं तोंडसुद्धा मला बघायला मिळालं नाही. तुझं तरी बघू की नको?"

मी फाटकाच्या कडीकडे पाहिलं. फाटक उघडलं असतं तर वॉचमनची नोकरी आणि माझी अब्रू दोन्ही गेली असती. त्यातली पहिली जास्त महत्त्वाची होती. शिवाय आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा कर्करोगाचे औषधोपचार चालू असलेली एक मुलगी होती, आणि तो नियम खरं तर तिच्यासाठी होता. नियम चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. तो लिहिणारीला त्याच्यापलीकडे काही दिसत नव्हतं, एवढंच.

मग दिसलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्या वाक्यात पळवाट निघाली. बाहेरच्यांनी आत यायचं नाही, असं मी लिहिलं होतं. आतल्यांनी बाहेर जायचं नाही, असं कुठेही लिहिलं नव्हतं.

मी वॉचमनला म्हटलं, "तुझ्या केबिनमधल्या दोन खुर्च्या बाहेर फुटपाथवर ठेव."

"फुटपाथवर?"

"सहा फुटांवर ठेव."

त्याने पावलं मोजून ठेवल्या. मी छोट्या दारातून बाहेर गेले आणि बसले. वन्सं समोर बसल्या. एक क्षण त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खुर्ची उचलली, माझ्या खुर्चीला आणून चिकटवली आणि माझं डोकं आपल्या खांद्यावर दाबलं. मला वाटलं आता हळूच डोळे पुसतील, आपल्याकडे शिकलेल्या घरांत करतात तसं. पण त्यांनी गावाकडच्या बायका काढतात तसा गळा काढला. "माझ्या बाबूऽ, मला न सांगता रे कसा गेलास," असं सुरू झालं आणि मग आजोबांचं सगळं लहानपण त्यात आलं. ते शाळेला जाताना चप्पल हातात घेऊन पळायचे, तापात फक्त भाताची पेज प्यायचे, विहिरीला भ्यायचे. मी एकेचाळीस वर्षं त्यांची बायको होते, पण ते विहिरीला भ्यायचे हे मला फुटपाथवर कळलं.

मी रडले. चांगली मोठ्याने, तोंड उघडं टाकून, नाक गळेपर्यंत. इंग्रजीत एम.ए. केलेली बाई असं रडू शकते हे दोन विंगना त्या दिवशी समजलं. शहाळीवाल्याने पाठ फिरवली. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. खजिनदारांच्या गॅलरीकडे मी पाहिलं नाही, पण वरून नियम सात पुन्हा ऐकू आला नाही.

डब्यात पिठलं आणि भात होता. आपल्याकडे माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, नातलगांनी असं साधं जेवण आणायचं असतं. वन्सं ते तेरा महिन्यांनी घेऊन आल्या होत्या. "तेव्हा आणायचं राहिलं," एवढंच म्हणाल्या. आम्ही दोघी एकाच डब्यातून जेवलो. मास्क, अंतर, हात धुणं, माझ्याच अकरांपैकी तीन नियम तिथेच मोडले. पिठलं खारट झालं होतं. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "वर्षभर उपाशी असल्यासारखी खातेस आणि वर नावं ठेवतेस?"

त्या संध्याकाळी मी सेक्रेटरीपदाचा राजीनामा लिहिला. कमिटीने तो एकमताने फेटाळला, कारण स्वीकारला असता तर दुसऱ्या कोणाला तरी काम करावं लागलं असतं. महिन्याभराने खजिनदारांच्या नातीचं बारसं ठरलं, त्या घरी आठ पाहुणे एकाच डोसवर होते, आणि नियम क्रमांक सात 'परिस्थितीचा साकल्याने विचार करून' शिथिल करण्यात आला. ते शब्द त्यांचे. मी फक्त एक अट घातली, त्या आजारी मुलीच्या विंगची लिफ्ट पाहुण्यांनी वापरायची नाही. ती पाळली गेली. मुलगी बरी झाली.

वन्संनी पुढे लस घेतली की नाही, मला माहीत नाही. मुलुंडमधल्या दोनशे माणसांची प्रमाणपत्रं तपासलेली मी, त्यांना कधी विचारलं नाही.

त्या आता ब्याऐंशीच्या आहेत. महिन्यातून एकदा रिक्षाने येतात, वर येतात, जेवतात आणि दुपारभर आजोबांच्या लहानपणाचं बोलतात. काही गोष्टी दर वेळी थोड्या बदलतात, मी दुरुस्त करत नाही. आजोबांना अर्ध्या चड्डीत पाहिलेलं माणूस जगात एवढं एकच उरलं आहे. ते धडधाकट आहे आणि माझ्याशी बोलतं.