दारावरचा लेफ्टनंट

माझा मुलगा लेफ्टनंट व्हायला अजून बराच अवकाश होता, तेव्हाच मी त्याला आमच्या दारावर लेफ्टनंट करून टाकलं. लाकडी पाटी, वर यांचं नाव, खाली त्याचं, आणि त्याच्या नावाआधी पितळी अक्षरांत हुद्दा. हसा खुशाल. आता मीही हसते. तेव्हा मात्र त्या पाटीकडे बघून माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते पाणी शेजारणीला दिसावं म्हणून मी दार उघडं ठेवायची.

ऐंशीनंतरची सुरुवातीची वर्षं. आम्ही पूल ओलांडून वाशीला नवीन राहायला आलो होतो. भिंतींना अजून चुन्याचा वास. गॅलरीतून दिसायची ती खारजमीन, आणि वारा फिरला की ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यांचा वास घरात. हे बेलापूरला सरकारी कचेरीत कारकून. सासरे आमच्याजवळच असायचे. मी त्यांना मामंजी म्हणायची. पलटणीतून हवालदार होऊन निवृत्त झालेले. कोकणातल्या आमच्या वाडीत घरटी एक माणूस पलटणीत, पण सगळे शिपाई, फार तर हवालदार. साहेब कुणी झाला नव्हता. त्यामुळे नातू पुण्याजवळच्या लष्करी अकादमीत निवडला गेला तेव्हा मामंजी म्हणाले, "आता माझ्याच घरात मला सॅल्यूट ठोकावा लागणार." आणि आत जाऊन तोंड धुऊन आले.

मला मात्र सॅल्यूटपेक्षा पाटीची घाई. सुतार बिचारा म्हणाला, "ताई, आधी साहेब पास तर होऊ देत." मी म्हटलं, "तो होणारच आहे. तुम्ही हुद्दा घाला." चार कोपऱ्यांना चार पितळी स्क्रू मी स्वतः निवडून आणले. एवढ्यावर थांबेन तर ती मी कसली? मुलगा दोन-तीन दिवसांच्या सुट्टीवर यायचा होता. त्यातला रविवार साधून मी पाटीचं उद्घाटन ठरवलं. गावच्या मुंबईकर मंडळाला आमंत्रण गेलं. संध्याकाळी पाचला मामंजींनी पाटीवरचं लाल कापड ओढायचं, नारळ फोडायचा, आणि मुलगा युनिफॉर्ममध्ये शेजारी उभा, गळ्यात हार. स्वतःच्या दाराच्या पाटीचं उद्घाटन करणारी दुसरी बाई अजून तरी माझ्या पाहण्यात नाही.

शनिवारी दुपारी जिन्यावर बूट वाजले. मी ओल्या हातानंच बाहेरच्या खोलीत आले. बूट आमच्या मजल्यावर येऊन थांबले. बेल मात्र वाजेना. मला वाटलं, पोरगा पाटी वाचतोय, त्याचं मन भरून आलंय, वाचू दे. बराच वेळ झाल्यावर मीच दार उघडलं. लाल कापडाचं एक टोक वर केलेलं, आणि हा एक हात खिशात घालून उभा.

"आई, हे काय आहे?"

"सरप्राइज!" मी म्हणाले. खरंच असं म्हणाले मी. टाळीही वाजवली.

त्यानं वाकून बूट काढले, भिंतीला टाचा लावून नीट ठेवले. जेवायला सुकटीची चटणी केली होती, त्याच्या आवडीची. अर्धी भाकरी ठेवून उठला. मामंजींनी विचारलं, "निशाणा कसा हाय?"

"चांगला आहे, आजोबा."

"पळण्यात?"

"पहिल्या पाचांत असतो."

मामंजी संध्याकाळपर्यंत गॅलरीतून जाणाऱ्या-येणाऱ्याला "पहिल्या पाचांत हाय" म्हणून सांगत बसले.

रविवारी सकाळी मी पाहुण्यांच्या करंज्यांसाठी खोबरं खवत होते. तो स्वयंपाकघरात आला, माझ्या हातातून खवणी घेतली आणि खवायला बसला.

"आई, मला सोडायचंय."

"सिगरेट का? मला संशय होताच."

"अकादमी सोडायचीय."

माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघाला असेल? पोटच्या पोराला काय झालं, कुठे दुखतंय, नाही. मी म्हणाले, "अरे, पण पाटी!"

त्यानं खवणं थांबवलं नाही. मग मला अक्कल आली, तीही अर्धीच. मी विचारलं, कुणी मारतं का, आपल्या घरावरून कुणी टाकून बोललं का. मनात म्हणत होते, तसंच काहीतरी असू दे. कारण तसं असतं तर मला काय बोलायचं ते माहीत होतं. घट्ट राहा, आजोबांनी काय काय सोसलं, वगैरे सगळं माझं पाठ होतं.

"नाही गं. मला सगळं जमतं. तेच तर." तो खवणीकडे बघून बोलत होता. "आता माझ्या हाताखाली ज्युनियर मुलं आहेत. एकाची चादर नीट नव्हती. मी त्याला रगडा दिला. रगडा म्हणजे शिक्षा. उन्हात लोळायला लावलं. तो ओकला. मी म्हटलं, अजून."

"मग? तिथली ती पद्धतच असेल."

"मला बरं वाटलं, आई. तो ओकत होता आणि मला बरं वाटत होतं. वाटलं, दुसऱ्या दिवशी वाईट वाटेल. नाही वाटलं. मला भीती वाटते."

मी खोबऱ्याचं ताट सरकवून उठले.

हे शेजाऱ्यांकडून खुर्च्या उचलून आणत होते. मी त्यांना आत ओढलं आणि सांगितलं. हातात खुर्ची तशीच. खालच्या आवाजात म्हणाले, "आजचा दिवस निभावून ने, राजा. हार घाल, फोटो काढू दे. आजोबांचं वय बघ. उद्या बोलू."

"पप्पा, उद्या सकाळी मला परत जायचंय. सोडायला तुमची सही लागते, तिथे येऊन साहेबांशी बोलावं लागतं. आणि आज हार घातला ना, तर उद्या मी गुपचूप परत जाईन. मग तुम्हाला कधीच काही सांगणार नाही."

आवाज चढवला नाही, रडला नाही. हे माझ्याकडे बघायला लागले. आमच्या घरात अवघड प्रश्न आला की यांची नजर माझ्याकडे, आणि सोपा असला की उत्तर यांचं.

दुपार झाली. मामंजींना काही पत्ता नव्हता, ते गॅलरीत गुणगुणत राखेनं पदकं घासत होते. मी युनिफॉर्मला इस्त्री करायला घेतली. का घेतली, देव जाणे. हाताला काहीतरी हवं होतं. शर्टाच्या बाहीवर इस्त्री फिरवताना डोक्यात एकच घुमत होतं, "कधीच काही सांगणार नाही." आज जे सांगितलं ते त्यानं कुणाला सांगितलं असतं? मित्राला नाही, बापाला नाही. नारळ खवता खवता मला सांगितलं, आणि मी त्याला पाटी ऐकवली. लोक निघालेही असतील. घाटकोपर, चेंबूरहून पूल ओलांडून बस पकडून येणारी माणसं, हारांच्या पुड्या घेऊन.

मी इस्त्री उभी केली. घरात स्क्रूड्रायव्हर नव्हता. भाजीची सुरी घेतली आणि दार उघडून बाहेर गेले.

लाल कापड काढलं. पहिला स्क्रू चटकन फिरला. दुसऱ्याला सुरी घसरून बोट कापलं. तिसऱ्याला सुरीचं टोक तुटलं, पण तोही निघाला. चौथ्या कोपऱ्यात नुसतं भोक. "मेल्यानं एक स्क्रू खाल्ला," मी सुताराला शिवी दिली. पाटी अंगावर आली, ती छातीशी धरली, आणि तेवढ्यात खालून जिन्यात मंडळाच्या अध्यक्षांचा आवाज आला, "कितवा मजला रे?"

वळून बघते तर दारात मामंजी. कोट घातलेला, छातीवर पदकं ओळीनं.

"सूनबाई, पाटी का काढलीस?"

मागे मुलगा उभा, साध्या शर्टात. त्याच्या मागे हे. जिन्यावर चपला वाजत होत्या. थाप मारायला वेळ होता. रंग उडाला म्हणता आलं असतं, अक्षर निखळलं म्हणता आलं असतं. मी थापा मारण्यात हुशार, सगळी सोसायटी सांगेल.

"तो लेफ्टनंट होणार नाही, मामंजी. अकादमी सोडतोय. मी सोडायला सांगतेय."

शेवटचं वाक्य खोटं होतं. मोठा आव आणतेय, असं तेव्हा वाटलं नाही. बोलून गेले.

मामंजींचा चेहरा राखेसारखा झाला. पलटणीतल्या माणसाच्या तोंडी सगळ्यात वाईट शिवी कुठली, ते मला लग्न होऊन आल्यापासून माहीत होतं. तीच आली.

"भगोडा. माझ्या घरात भगोडा."

मंडळाची माणसं तोवर मजल्यावर पोचली होती. सगळे पायरीवरच थबकले. अध्यक्षांच्या हातात हार.

"भगोडा न सांगता पळतो, मामंजी," मी म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्यासमोर माझा आवाज चढला, आणि पदर खांद्यावरून घसरलेला. "हा घरी सांगायला आलाय."

 मामंजींनी माझ्या बोटाकडे बघितलं. पाटीवर रक्ताचा ओघळ आला होता, बरोबर हुद्द्यावरून. मग ते वळले, गॅलरीत गेले आणि दार लावून घेतलं. मी पाहुण्यांना म्हणाले, "या ना आत. करंज्या गरम आहेत." एवढ्या लांबून आलेली माणसं परत कशी जाणार? आत आली, खाल्लं, पाण्याच्या टंचाईवर बोलली आणि गेली. हार तेवढा खुर्चीवर राहिला.

मामंजी नातवाशी पुढे कित्येक महिने बोलले नाहीत. समोरासमोर बसून जेवायचे, आणि मीठ हवं असलं तर मला सांगायचे, "त्याला म्हणावं, इकडे सरकव." नंतर हळूहळू मीठ थेट मागायला लागले. त्यापलीकडे त्यांच्याकडून मी काही अपेक्षा केली नाही. पाटी उलटी करून मी तिचा पाट केला. खाली दोन पट्ट्या ठोकल्या की झालं, त्यावर बसून मी वर्षानुवर्षं भाजी निवडली. मुलगा आता साठीकडे चाललाय. त्याच्या दारावर नुसता फ्लॅटचा नंबर आहे.

पण त्या सोमवारचं सांगायचं राहिलं. सकाळी हे रजा टाकून त्याच्याबरोबर पुण्याला निघाले, सही करायला आणि साहेबांशी बोलायला. मी हायवेवरच्या स्टॉपपर्यंत गेले. बोटाला चिंधी बांधलेली. हे बस दिसतेय का बघायला पुढे गेले, तेव्हा मुलानं खिशातून काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. पितळी स्क्रू.

"सुताराला शिव्या देऊ नकोस, आई," तो म्हणाला. "हा मी शनिवारी तू दार उघडायच्या आधीच नाण्यानं काढला होता. बाकीचे तू काढतेस का, ते बघायचं होतं."