एकोणचाळीस हजार दोनशे तीन

माणसांना नावांऐवजी नंबर असते, तर आमच्या बडनेऱ्याच्या मावसाजींनी अख्ख्या वऱ्हाडाशी मैत्री केली असती. स्टेशनात मालगाडीच्या डब्यांचे नंबर टिपून घ्यायची त्यांची नोकरी. पण नुसतं टिपून त्यांचं समाधान कुठलं! नंबर कशाकशानं भागला जातो हे कळेपर्यंत त्यांना चहा गोड लागायचा नाही. पुष्कळांनी भाग जाणारी संख्या ती ‘लेकुरवाळी’, आणि कुणालाच दाद न देणारी मूळ संख्या ती ‘एकांडी’. अकोल्याच्या एका लग्नात पंगतीला एक्क्याण्णव पानं मांडलेली पाहून हे ओरडले, “हे एकांडी वाटते, पन लबाड हाय! तेरा साती एक्क्याण्णव!” आणि सगळ्यांना उठवून तेरा-तेराच्या सात ओळी केल्या. वरण निवलं, नवरदेवाचे मामा रुसले, मावशीनं कपाळाला हात लावला. मावसाजी मात्र जेवणाआधीच तृप्त.

मी मॅट्रिकला गणितात गचकले होते. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, निक्षून सांगितलं, “औंदा गणित गेलं तर शिक्षण बंद. पाहुणे पायतो.” म्हणून अमरावतीहून मला मावसाजींकडे धाडलं. सूत्रं मला घडाघड पाठ होती, पण ती कशाशी खातात देव जाणे!

मावसाजींनी पुस्तक मिटलं आणि एका डब्याचा नंबर दिला: ३९२०३. ही त्यांची लाडकी एकांडी. वर्षभर स्टेशनात तिचा डंका पिटलेला. “भागून पाय. वर्गमुळाच्या पुढं जायाचं काम नाई.” वर्गमूळ शोधताना मी १९८ चा वर्ग केला. आला ३९२०४. अगं बाई, एकानंच हुकलं! आणि एक म्हणजे तरी एकाचा वर्गच की! आणि ते घोकलेलं सूत्र एकदम जिवंत झालं: वर्गातून वर्ग वजा, म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. मी एकशे सत्त्याण्णव आणि एकशे नव्याण्णवचा गुणाकार केला. ३९२०३!

“मावसाजी, ही एकांडी नाही हो,” मी पुटपुटले. त्यांनी तीनदा गुणाकार करून पाहिला. “एकशे त्र्याण्णवपर्यंत भागलं होतं वं पोरी. मंग गाडी सुटली, अन् मी म्हटलं, आता कायचं उरते!” पुढची मूळ संख्या एकशे सत्त्याण्णवच होती. मावसाजी असे हसले, की मावशी पोळपाट सोडून धावत आली.

तशीच सायकल काढून, मला मागे बसवून ते अमरावतीला आले आणि अण्णांपुढे उभे राहिले. “साडूभाऊ, वर्षभर मी चुकलो, ते तुमच्या पोरीनं धरलं. निकाल काईबी लागो, हिची शाळा बंद करू नका.” अण्णांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “बरं.”

मी पास झाले आणि पुढे गणिताचीच मास्तरीण झाले. माझं सगळं आयुष्य त्या हसण्यावर उभं आहे. वर्गात कुणी माझी चूक काढली की मी खडू खाली ठेवते आणि आधी मनापासून हसते.

मावसाजींना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. अजूनही फाटकापाशी मालगाडी आडवी आली की मी डब्यांचे नंबर भागत बसते. परवा एक एकांडी सापडली. अगदी शेवटपर्यंत भागून पाहिलं, एकही संख्या सोडली नाही. मग आनंदानं मान वळवली, आणि शेजारी सांगायला कुणीच नव्हतं.