चौदा ओळींचा देव

"खाली घ्या! अहो, देवाला आधी खाली घ्या!"

आमच्या मंडळाचे अध्यक्ष पहिल्या रांगेतून ओरडत होते. ते दातांचे डॉक्टर. लोकांना तोंड उघडायला सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलं, स्वतःचं एवढं उघडायची वेळ त्यांच्यावर बहुधा पहिल्यांदाच आली होती.

देव म्हणजे मी. मी त्या वेळी क्रेनला टांगलेल्या पिंजऱ्यात, जमिनीपासून किमान कुतुबमिनारएवढ्या उंचीवर होतो. आमची ही म्हणते, तीस फूट. तिने खालून पाहिलं, मी वरून. कुणाचं खरं मानायचं ते तुम्ही ठरवा. एका बाजूला मला रास अल खोरच्या खाडीतले फ्लेमिंगो दिसत होते, दुसऱ्या बाजूला गोदामांची छपरं, आणि मान आणखी जराशी उंचावली असती तर इराणात कुणाच्या गच्चीवर काय वाळत घातलंय तेही दिसलं असतं.

मला एवढं वर चढवलं ते आमच्या लेकीच्या एका पुस्तकाने. लेक इथे आखातातच वाढलेली, अकरावीत, आणि शाळेत तिने नाटक हा विषय घेतलेला. त्या पुस्तकात पाश्चात्त्य रंगभूमीचा अडीच हजार वर्षांचा इतिहास होता. तो आमच्या हिने एका बैठकीत वाचून काढला आणि जाहीर केलं की मंडळाच्या यंदाच्या कार्यक्रमात हा सगळाच्या सगळा बसवायचा. ग्रीकांपासून आजच्या म्युझिकलपर्यंत, पन्नास मिनिटांत. ही बँकेत आठवडाभर लोकांच्या अर्जांना 'नाही' म्हणते. त्यामुळे शनिवार-रविवारी हिला कुणी 'नाही' म्हटलेलं चालत नाही.

मंडळाच्या रंगभूमीची मी अकरा वर्षं सेवा केली आहे. नऊ वर्षं पडदा ओढला, एकदा प्रेत झालो, एकदा वडाचं झाड. प्रेतात मी इतका जीव ओतला की पुढच्या वर्षी मला झाड दिलं. पण बोलायला वाक्य? अकरा वर्षांत एक नाही. पडद्याचा दोर हाताला कापला तेव्हा एकदा "आई गं" म्हणालो होतो, तेही विंगेत.

तर त्या पुस्तकात एक चित्र होतं. कथानक अगदी अडलं की ग्रीक लोक लाकडी क्रेनला देव टांगायचे आणि वरून सोडायचे. देव येऊन गुंता सोडवायचा आणि परत जायचा. आता मी रास अल खोरच्या ज्या यार्डात ऑपरेशन्स बघतो, तिथे दिवसभर क्रेनशिवाय दुसरं काही दिसत नाही.

"क्रेन मी आणतो," मी म्हणालो. "पण मग देवही मी."

"बोलायचं काही?" हिने संशयाने विचारलं.

"चौदा ओळी."

"चार."

"चौदा. नाहीतर ग्रीकांना शिडी लावून देव उतरवू दे."

"बाबा, दॅट्स लिटरली ब्लॅकमेल," लेक म्हणाली.

"याला आमच्या ऑफिसात निगोशिएशन म्हणतात."

जागाही मीच मिळवली, आमचंच यार्ड. मालक "यल्ला, करा" म्हणाले, पण कागद पूर्ण करूनच. मग मी उचलण्याच्या परवानगीचा फॉर्म भरला. मालाचं वर्णन: देव, नग एक. वजन: चौऱ्याऐंशी किलो, मुकुटासह. माल धोकादायक आहे का: नाही. हे शेवटचं उत्तर मला पुढे खोडावं लागलं.

क्रेन चालवणारे आमचे चाचा पेशावरकडचे. यार्डात वीस वर्षं. आजवर त्यांनी काचेच्या खिडक्यांपासून टर्बाइनपर्यंत सगळं उचललंय, आणि त्यातलं काहीही त्यांच्याशी बोललेलं नाही. "साहब," त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं, "केबिन में मेरे कान नहीं होते. सिर्फ आँख." म्हणजे इशारा करणाऱ्याने तर्जनी वर करून गोल फिरवली की माल वर, खाली करून फिरवली की खाली. हे इशारे फक्त लायसन्सवाल्याने द्यायचे. 'थांब' मात्र कुणीही सांगू शकतं, दोन्ही हात आडवे पसरून. आणि ज्याने थांबवलं त्यानेच पुन्हा सुरू करायला सांगायचं, दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही. हा तक्ता लायसन्सच्या परीक्षेसाठी मी घरी फ्रिजवर चिकटवला होता. तो अजून तिथेच आहे. दूध काढताना ही रोज वाचते.

इशारा करणारा माणूस फ्लोरोसंट जॅकेटात उभा असतो. हिने ते ऐकलं आणि म्हणाली, "माझ्या अथेन्समध्ये पिवळं जॅकेट येणार नाही."

मी म्हटलं, लायसन्स माझ्याकडेही आहे, पिंजऱ्यात मीच असणार, माझे इशारे मीच देईन. चाचा "जैसा आप बोलो" म्हणाले. यार्डात तालीम झाली ती क्रेनची: वर, खाली, वर, खाली, खलास. भाषणाची तालीम मी घरी बाथरूममध्ये केली, हातवाऱ्यांसकट. शॉवर दोनदा तुटला. दोन्ही तालमी उत्तम झाल्या. त्यांची एकमेकींशी गाठ कधी पडली नाही, एवढंच.

ग्रीक लोक नाटक उन्हातच करायचे, म्हणून आम्ही जानेवारीतल्या शनिवारी दुपारी चारची वेळ ठेवली. तिन्ही बाजूंनी कंटेनर रचलेले, मध्ये मोकळी जागा, समोर माल ठेवायच्या लाकडी पॅलेटवर सतरंज्या टाकून प्रेक्षक. माझ्या मते पंधराशे. मंडळाच्या वहीत दीडशे. मी सोनेरी रंग दिलेल्या हेल्मेटवर मुकुट चिकटवून, झग्यावरून सेफ्टी बेल्ट बांधून पिंजऱ्यात उभा. पिंजऱ्याला थर्माकोलचे ढग.

"बाबा, प्लीज, माइक लाव," लेक म्हणाली. ती सूत्रधार होती.

"ग्रीकांकडे माइक होता?"

"दे हॅड अ हिलसाइड. तिथे आवाज घुमतो."

मी माइक लावला नाही.

खेळ सुरू झाला. कोरसमध्ये बारा चार्टर्ड अकाउंटंट होते. ऑडिटमुळे एका सुरात बोलायची सवय, त्यामुळे फार सुंदर विलाप करत होते. नगरात साथ आली, राजाला काही सुचेना, कथानक अडलं. लेकीने वर पाहिलं. मी बोट फिरवलं, इंजिन धडधडलं आणि मी कंटेनरमागून आकाशात उगवलो.

"हे मर्त्य मानवांनो!" मी गरजलो आणि बाथरूममध्ये ठरवल्याप्रमाणे त्या समस्त मानवांवरून खाली केलेलं बोट गोल फिरवलं. पिंजरा खाली गेला. दुसऱ्या ओळीला 'आकाश साक्षी आहे', म्हणून बोट वर. पिंजरा वर. तिसऱ्या ओळीत पाताळ होतं. चौथीत पुन्हा स्वर्ग. विहिरीतल्या पोहऱ्यासारखा मी त्या रंगमंचावर वर-खाली होत होतो, आणि लोक टाळ्या वाजवत होते! त्यांना वाटलं, असंच बसवलंय. मग मी कशाला थांबतो? कंटेनरच्या पत्र्यावर आपटून माझा आवाज परत येत होता, आणि खरं सांगतो, इतका भारदस्त आवाज मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. नवव्या ओळीत 'उंच, उंच, उंच' असं तीनदा होतं. तिथे मी कुतुबमिनारला पोचलो.

तेव्हाच अध्यक्ष ओरडले. "वहिनी, त्याला खाली घ्या! पडेल तो!"

नऊ ओळी झाल्या होत्या, पाच राहिल्या होत्या. राजाच्या प्रश्नाचं उत्तर बाराव्या ओळीत होतं. मी दम घेतला, आणि खाली पाहिलं तर ही केबिनसमोर येऊन उभी. दोन्ही हात आडवे पसरून, फ्रिजवरच्या तक्त्यातल्या चित्रासारखी. चाचांनी तत्क्षणी इंजिन बंद केलं.

मला वाटलं, बरं झालं, आता शांततेत पाच ओळी म्हणतो. तोंड उघडलं तोवर लेक माइकवर म्हणाली, "आणि अशा रीतीने ग्रीक संपले."

राजाचा प्रश्न तसाच राहिला. मी बोट खाली करून फिरवलं. पुन्हा फिरवलं. चाचांनी हाताची घडी घातली आणि हनुवटीने हिच्याकडे निर्देश केला. ही विंगेत निघून गेली होती.

उरलेला इतिहास मी देवाच्या जागेवरून पाहिला. रोमन लोक दोन मिनिटांत आटोपले. मग चर्चच्या कथा सांगणारी मंडळी पॅलेटच्या हातगाड्यांवर उभी राहून गेली. त्यांच्यात एक देव होता, त्याला बोलायला चार ओळी होत्या, त्यातल्या तो दोन विसरला. इटलीतले मुखवटेवाले एकमेकांना काठीने बडवून गेले. इंग्रजांकडे मुलगेच नायिका व्हायचे, असं लेकीने सांगितलं तेव्हा पुढच्या रांगेतली आजी "त्यात काय, आमच्याकडेही व्हायचे" एवढ्या मोठ्याने म्हणाली की मला वर ऐकू आलं. फ्रेंच दरबारातले टोप आले. सगळं वरून पाहिलं की टोपाखालचं टक्कल आधी दिसतं.

मग बैठकीची खोली आली. एक सोफा, एक दिवा. "एक दिवस नाटकवाल्यांनी ठरवलं," लेक म्हणाली, "की समोर प्रेक्षक नाहीतच, असं समजायचं." ही येऊन सोफ्यावर बसली आणि पुरुषाच्या शर्टाला बटण लावू लागली. संवाद नव्हता. आतून नाटकातल्या नवऱ्याने दोनदा हाक मारली, हिने उत्तर दिलं नाही. बस, एवढाच प्रवेश. मला वरून हिचा भांग दिसत होता आणि हात. मुलांनी चिप्स खायचं थांबवलं. अकरा वर्षांत या मंडळात इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं, आणि माझ्या तोंडात पाच ओळी तयार होत्या. इंजिन बंद. पत्र्याच्या भिंती तयार. एक शब्द टाकला असता तर शेवटच्या पॅलेटपर्यंत गेला असता.

हिने दोरा दातांनी तोडला. तीस फुटांवरून, हो, तीसच, मला तो तुटल्याचा आवाज आला. मी तोंड मिटलं.

शेवटी म्युझिकल. "इथे बोलता बोलता माणसं गाऊ लागतात," असं लेकीने सांगितल्यावर सगळे हसले. संगीत नाटकावर पोसलेल्या लोकांना हे काय सांगायचं? चाळीस जण नाचले, आणि पालुपदाला चाळीसही जणांनी तर्जनी वर करून गोल फिरवली. मी पिंजऱ्याचा कठडा धरला. चाचांनी घडी सोडली नाही. चाळीसातल्या एकाकडेही लायसन्स नव्हतं, आणि थांबवणारी पहिल्या ओळीत नाचत होती. वन्स मोअर मिळाला. म्हणजे मी आणखी चार मिनिटं लटकलो.

सगळ्यांनी वाकून नमस्कार केल्यावर ही केबिनपाशी गेली, चाचांना काही म्हणाली, आणि मी खाली आलो. लोक मला भेटायला धावले. अध्यक्षांनी मिठी मारली. "काय टायमिंग, वा!" म्हणाले. आजीने देव म्हणून पायाला हात लावला. मी पार जबल अली बंदरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सगळ्यांचे आभार मानले.

घरी जाताना गाडी ही चालवत होती. मागे लेक कानांत काही घालून झोपली होती. पुढच्या सिग्नलपर्यंत मी धीर धरला.

"छान झालं सगळं," मी म्हणालो. "फक्त माझ्या पाच ओळी राहिल्या."

"चौदा," ती म्हणाली. "इंजिन चालू होतं."