शांतवन गुरुजींचं राहिलेलं पान

शांतवन गुरुजींनी कुणाचंही म्हणणं लिहून घेतलं की ते त्यालाच वाचून दाखवत. आधी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसायचा, मग एकेक वाक्य सावकाश वाचायचं आणि वर बघून विचारायचं, "बराबर?" समोरचा "बराबर" म्हणेपर्यंत ते सही किंवा अंगठा घेत नसत. घरी बायकोनं सांगितलेली बाजाराची यादीसुद्धा ते परत वाचून दाखवत, आणि ती कपाळाला हात लावायची.

जालन्यात आमच्या चर्चच्या मागे पत्र्याची एक खोली आहे. तिथं आमच्या शांती व न्याय मंडळाचं कार्यालय. एक पाळक, एक नर्सबाई आणि दोन शिक्षक यांनी ते सुरू केलं. गावात मारहाण झाली, कुणाला वाळीत टाकलं, की तिथं जायचं, दोन्हीकडचं ऐकायचं, जमला तर समेट घडवायचा, नाहीतर मार खाल्लेल्याच्या बाजूनं कोर्टापर्यंत उभं राहायचं. त्या दोन शिक्षकांतले एक म्हणजे गुरुजी. मी बी.ए. होऊन घरी बसलो होतो, तो तिथं लिखापढीला लागलो. पहिल्याच दिवशी त्यांनी माझीही माहिती लिहून घेतली. मी ऐटीत सांगितलं, "सेवेची आवड आहे म्हणून आलो." त्यांनी ते वाक्य वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले.

"बराबर?"

"काम नव्हतं म्हणून आलो, गुरुजी."

"मंग तसं लिहू. त्यात काय लाजायचं?"

मंडळाचा एक नियम होता. पहिल्या पाळकांनी तो बायबलमधल्या शुभवर्तमानातल्या एका वचनावरून घेतला होता. सगळ्यांचे जबाब दोन्ही बाजूंना एकत्र बसवून, नावानिशी, तोंडासमोर वाचायचे. गुरुजींचा त्यावर फार जीव. कुणी कानात कुजबुजायला आलं की ते हात वर करायचे, "ज्याच्यावर बोलून राह्यले त्याच्यासमोर बोला. न्हाई तर बिलकुल बोलू नका." मला ते ऐकून अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं व्हायचं. आपण मोठ्या खरेपणाच्या कामात आहोत असं वाटायचं.

जाफराबाद तालुक्यातल्या एका गावात पाणीटंचाईच्या दिवसांत टँकरवर भांडण झालं. बौद्ध वस्तीतल्या बायांचे हंडे लाथाडले गेले आणि मध्ये पडलेल्या एका माणसाचा हात कुऱ्हाडीच्या दांड्यानं मोडला. मारलं कुणी हे साऱ्या गावाला ठाऊक होतं, पण सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलेलं. बोलली फक्त सखूबाई. ती मारणाऱ्या दोघा भावांची विधवा भावजय, त्यांच्याच घरात लहान मुलीला घेऊन राहणारी. तिनं दारातून सगळं पाहिलं होतं. गुरुजी एकटेच तिच्याकडे गेले आणि जबाब लिहून, अंगठा घेऊन आले.

आठ दिवसांनी शाळेच्या व्हरांड्यात बैठक बसली. गुरुजींनी एकेक जबाब नावानिशी वाचला. सखूबाईचं नाव आलं तेव्हा तिचे दीर तिच्याकडे नव्हे, जमिनीकडे बघत होते. मग दोघे उठले आणि त्यांनी सगळ्यांसमोर हात जोडून माफी मागितली. टँकर वस्तीत थांबायचं ठरलं. समेटपत्र मी लिहिलं. परतताना जीपमध्ये आम्ही उपकारस्तुतीचं गीत गायलो, आणि पुढं ते समेटपत्र चौकटीत घालून कार्यालयाच्या भिंतीवर लागलं.

चौथ्या दिवशी दिरांनी सखूबाईला मुलीसकट घराबाहेर काढलं. गावात तिला कुणी कामालाही बोलवेना. गुरुजी तीनदा दिरांकडे गेले, तिन्ही वेळा तोंडावर दार लागलं. मंडळाच्या बैठकीत ठरलं, की आता पुन्हा हात घातला तर झालेला समेट मोडेल. ते इतिवृत्तही माझ्याच अक्षरात आहे. सखूबाई टेंभुर्णीला गेली. रोजानं शेतात राबली आणि तिसऱ्या वर्षी, पत्र्याच्या भाड्याच्या खोलीत, खोकून खोकून गेली. त्यानंतर गुरुजी कार्यालयात आले की समेटपत्राकडे पाठ करून बसत. "ती खुर्ची उलटी का?" असं त्यांना कुणी विचारलं नाही. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

बऱ्याच वर्षांनी मंडळाचा इतिहास छापायचं ठरलं आणि लेखनाचं काम माझ्याकडे आलं. गुरुजींनी स्वतः लिहिलेलं एक पान मला दिलं. त्यात होतं: सखूबाईचं नाव वाचून मी तिचं घर घालवलं. तिला विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. चूक मंडळाची, आणि मंडळाआधी माझी.

मंडळाची समिती म्हणाली, लोकांचा विश्वास उडेल. मी ते पान पुस्तकातून वगळलं. माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नाही. पुस्तक नीटनेटकं दिसेल असं मलाही वाटलं, याची आज लाज वाटते. छापील पुस्तकात ते गाव 'आमचं सर्वांत मोठं यश' या मथळ्याखाली आहे.

तोवर गुरुजींची नजर गेली होती. "वाचून दाखव मला," ते म्हणाले. दोन दुपारी मी त्यांच्या खाटेशी बसून पुस्तक वाचलं. ते गाव आलं तेव्हा मी पुस्तकात ठेवलेलं त्यांचं पान काढलं आणि छापलेलं असल्यासारखं वाचलं.

"कितवं पान?" त्यांनी विचारलं.

"बेचाळीस."

"बराबर," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. महिन्याभरात आम्ही त्यांना माती दिली. कबरीपाशी पाळकांनी त्यांच्या सत्यप्रियतेवर प्रवचन दिलं, आणि मला मान वर करवेना.

दुसऱ्याच आठवड्यात ते पान घेऊन मी टेंभुर्णीला गेलो. सखूबाईची मुलगी मंगल तिथं अंगणवाडीत मदतनीस आहे. मी कोण ते तिनं ओळखलं आणि चहा ठेवला. मी पान वाचलं आणि गुरुजींसारखंच विचारलं, "बराबर?"

"न्हाई."

मी पुन्हा पानात बघितलं.

"विचारलं न्हाई असं लिव्हलंय ना? पण आईनं तर स्वतःहून सांगितल्तं. अंगठा दिला आन् मंग हात जोडून म्हणल्ती, 'गुरुजी, माझं नाव नका वाचू, मला ह्याच घरात राह्यचंय.' मी तिथंच बसल्ते. गुरुजी म्हणले, 'काई होत न्हाई, सत्य हाय ना?'"

जन्मभर दुसऱ्यांना "बराबर?" विचारणाऱ्या माणसानं स्वतःच्या जबाबातून एवढंच वगळलं होतं. विसरले की लिहवलं नाही, मला माहीत नाही. मला त्यांचा राग आला, आणि लगेच ती उलटी खुर्ची आठवली.

मंगलचं म्हणणं मी त्याच पानाखाली लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं.

"आता बराबर," ती म्हणाली. तिनं सही केली, पेन मला परत दिलं आणि विचारलं, "पण दादा, तुमच्यात तर तोंडासमोर वाचायची रीत हाय ना? आता हे कुणाच्या तोंडासमोर वाचता?"