खालूंचं पिस्तूल

अन्याय झाला तो खालूंवर. जानेवारी १९९१, रियाधवर सद्दामचं पहिलं स्कड क्षेपणास्त्र पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, अल सुलैमधल्या आमच्या गोदामाच्या फाटकावर. कुणी केला तेही सांगतो. पण आधी खालू सांगायला हवेत, नाहीतर तुम्हीही 'कुणीतरी चौकीदार' म्हणून पुढे जाल.

खालू म्हणजे मावशीचा नवरा. आमच्यातल्या कुणाच्याच मावशीचा नवरा नव्हते ते. रत्नागिरीकडचे, पूर्वी मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, मग अर्धं आयुष्य सौदीत. घाईत कुणी काही करायला निघाला की त्यांचा जाड हात त्याच्या खांद्यावर पडायचा. "बाला, आधी मागं बघ." ट्रक मागे घेताना ठीक आहे. पण चहा ओतताना? चहा ओततानासुद्धा.

सद्दाम कुवेतमध्ये घुसला आणि आमची कंपनी लष्कराला तंबू पुरवू लागली. गोदामाला अचानक भाव आला. चौकीदारांना पिस्तूल चालवायला शिकवायचं ठरलं. शिकवायला आले कफीलचे, म्हणजे आमच्या सौदी मालकाचे, फौजेतून निवृत्त झालेले चुलते. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. मी स्टोअरकीपर, चिपळूणचा, मुंबईत चार वर्षं काढून नुकताच आलेला. एक चौकीदार रजेवर होता, म्हणून मलाही रांगेत उभं केलं.

उस्तादांनी पिस्तूल हातात दिलं तेव्हा खालूंनी आधी ते जमिनीकडे वळवलं आणि पापलेटचे कल्ले उघडून बघावेत तसे आत डोकावले. गोळी नाही याची खात्री केली आणि मगच धरलं. उस्ताद खूश. "शुफ, शुफ!" बघा, असं करायचं असतं!

पुठ्ठ्याचा माणूस मागच्या भिंतीला लावला होता, त्याच्यामागे वाळूची पोती. खालूंनी नेम धरला, आणि पिस्तूल टेबलावर ठेवून दिलं.

"उस्ताद, दीवार के पीछे आदमी लोग रहता है."

भिंतीपलीकडे शेजारच्या यार्डातल्या बांगलादेशी मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. उस्तादांनी पोत्यांवर लाथ मारून दाखवली. गोळी पार जाणार नाही, वल्ला!

"नहीं जाएगा. फिर भी."

भर उन्हात सगळी पोती उचलून आम्ही उघड्या माळाच्या बाजूला नेली. मी चरफडत होतो. खालू पोतं पाठीवर घेऊन, माझ्या दुप्पट वयाचे, गाणं गुणगुणत होते.

मग मी पहिली गोळी झाडली. पुठ्ठ्याला ती शिवलीसुद्धा नाही, पण उस्ताद ओरडले, "खलास!" मला वाटलं, मेला! पुठ्ठ्याचा माणूस मेला! मी आनंदाने ओरडणार, तोच खालूंनी माझं मनगट घट्ट धरलं. पिस्तूल सुरक्षित खाली ठेवायला लावलं आणि मगच पोट धरून हसले. "ही तुझी मुंबैची खलास नाय रे. हितं खलास म्हंजे पुरे. ठेव आणि सरक बाजूला."

शेवटच्या वर्गाला आमचा मॅनेजर आला. आपलाच माणूस, दादरचा. त्याने नियम सांगितला: सायरन वाजला की ऑफिस आणि स्टोअरची माणसं तळघरात. पिस्तूलवाले फाटकावर. विषारी वायूसाठीचे मास्क फक्त ऑफिसला.

खालूंनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. "उस्ताद, ऊपर से आनेवाले पे निशाना किदर लगाने का?"

सगळे हसले. उस्ताद हसले नाहीत. त्यांनी आकाशाकडे पाहिलं, मग मॅनेजरकडे, आणि अरबीत काहीतरी पुटपुटत निघून गेले. मॅनेजर म्हणाला, "अहो खालू, पिस्तूल दिलंय ना तुम्हाला? मग?"

त्या पहिल्या स्कडच्या रात्री सायरन वाजला आणि आम्ही तळघरात जाऊन कोंडून बसलो. दार उघडलं. खालू होते. त्यांच्यामागून लुंग्यांतले, अनवाणी, घाबरलेले ते भिंतीपलीकडचे मजूर एकेक करून आत आले. सगळे आल्यावर खालूंनी वळून मागे पाहिलं, दार लावलं आणि माझ्याशेजारी बसले. वर कुठेतरी दणका झाला. पिस्तूल कमरेला तसंच होतं.

सकाळी मॅनेजर फाटकावर आला, मास्कची पिशवी खांद्याला लावून.

"सायरन वाजल्यावर गेटवर फोन करून काय सांगितलं होतं मी? गेट सोडलंत तर खलास!"

"तेच तर, साहेब. मी ऐकलं, गेट सोडा, खलास. म्हटलं, साहेबांना दया आली."

"परकी माणसं कंपनीच्या मालात घुसवलीत!"

"माल तंबूंचा हाय, साहेब. तंबूत माणसं नाय शिरायची तर कोण शिरायचं?"

त्याच दिवशी मॅनेजरने त्यांचा इकामा, म्हणजे सौदीत राहायचा परवाना, काढून घेतला. भारतात परत धाडायचं, पण रियाधचा विमानतळ बंद, म्हणून जेद्दाला जाणाऱ्या पिकअपमध्ये तंबूंच्या गठ्ठ्यांवर त्यांना बसवलं. खालू खरंच चुकीचं ऐकून बसले होते का, हे मी तेव्हा विचारलं नाही. पुढे सुटीवर त्यांच्या गावी गेलो तोवर ते गेले होते. जमातीतल्या एकाने कबर दाखवली. तिथून खाडी दिसते.

मजुरांमधला एकही मेला नाही, म्हणून या गोष्टीला कुणी गोष्ट मानत नाही. मी मानतो. आणि तुम्ही, ज्यांच्या घरातून आजही कुणी ना कुणी तिकडे निघालेला आहे, एवढं करा: करार समोर आला की पगाराच्या आधी विचारा, सायरन वाजल्यावर आमचा माणूस दाराच्या आत असेल की बाहेर? उत्तर लेखी मागा. देत नसतील तर सही करू देऊ नका.