मामाच्या गारा

सुरतेत राहून सुरतेचं हवामान ज्याने एक दिवसही मान्य केलं नाही, असा माणूस अख्ख्या गुजरातेत एकच झाला, आणि तो माझा सख्खा मामा. लिंबायतच्या एका खोलीत त्याचा संसार, समोरच्या कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात त्याची नोकरी. आभाळ मात्र त्याने अमळनेरजवळच्या आपल्या गावाचंच ठेवलं होतं. गल्लीत केबल आली तरी रोज संध्याकाळी तो रेडिओ घेऊन पत्र्यावर चढायचा, एरियलची तार दातात धरायचा आणि खानदेशच्या केंद्राची खरखर पकडायचा. तिकडे हवामानाचा अंदाज सांगितला, की खाली उतरून तोच अंदाज गल्लीला लागू करायचा. जळगाव-धुळ्याकडे थंडीची लाट म्हटलं, की घामाच्या धारा पुसत मामा कानटोपी घालून कामावर. तिकडे पावसाने उघडीप दिली म्हटलं, की इकडे धो धो पावसात त्याची छत्री खुंटीला आणि तो ओलाचिंब, वर पुन्हा प्रसन्न. "मामा, गाव तिकडे राहिलं," असं कोणी म्हटलं, की तो विचारायचा, "आभाय काय वेगयं वेगयं ऱ्हास का भो? एकच शे ना!" मामी तर नुसता कपाळाला हात लावायची.

एका उन्हाळ्यात त्याने वादळाची आवई उठवून गल्लीतल्या बायांना वाळत घातलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, उचलायला लावले. बाहेर रणरणतं ऊन आणि घराघरांत ओल्या बिबड्यांना बुरशी! तेव्हापासून मामा दिसला, की बाया आभाळाकडे बोट दाखवून पदरात तोंड लपवायच्या. तो बिचारा त्यांनाच समजवायचा, की वादळ निघालं होतं, वाटेत कुठेतरी थांबलं असेल.

अशा माणसाने माझ्या बहिणीच्या लग्नाच्या दिवशी, भर वैशाखात, जाहीर केलं की संध्याकाळी गारपीट आहे. गल्लीत मंडप उभा, वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीचा वास सुटलेला, बारडोलीहून वऱ्हाड आलेलं. मामाचं म्हणणं एकच: रेडिओने आदल्या संध्याकाळी सांगितलंय, तेव्हा लग्न आणि पंगत दोन्ही उचला आणि समोरच्या कारखान्यात न्या. कारखान्याला सुट्टी होती आणि मालकाकडून किल्ली त्याने आधीच आणून ठेवली होती. मंडपवाला पोट धरून हसला. "मामा, सुरतमां बरफ तो गोळावाळानी लारी पर ज मळे!" वडील म्हणाले, आजच्या दिवस तरी गप्प बस.

मामा गप्प बसला, पण बसला तो नवरीच्या खोलीच्या उंबरठ्यावर. आमच्यात नवरीला बोहल्यावर मामानेच आणायचं असतं, आणि ते हत्यार त्याने उपसलं. "पंगत आत जास नही, तवलगून नवरी बाहेर येवाव नही!" गोरज मुहूर्त जवळ येत चालला. व्याही हात जोडून म्हणाले, "अहो मामा, मुहूर्त टळेल." आई रडकुंडीला आली. "भाऊ, मनी पोरनं लगीन शे रे!" मामाचे डोळे भरले. "तिनाकरताच सांगस ना, बहीण!" गारा पडल्या नाहीत तर या माणसाला नात्यात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती, आणि हे त्याच्यासकट सगळ्यांना कळत होतं. मला त्याचा रागही येत होता आणि कीवही. शेवटी आतून बहिणीचाच आवाज आला. "पंगत हलवा. मामा आणेल तेव्हाच मी येणार."

मग काय, वऱ्हाड कुरकुरत, पातेली उचलत कारखान्यात शिरलं. अंतरपाट दोन लूमच्या मध्ये धरला. तिसरं मंगलाष्टक चालू झालं आणि डोक्यावरचे पत्रे असे वाजू लागले, की भटजींचा आवाज कुणाला ऐकू येईना. अक्षता हातात धरून सगळे दाराशी धावले. बाहेर मंडपाच्या चिंध्या होत होत्या आणि गल्ली पांढरी झाली होती. बहिणीच्या पाठीशी उभा असलेला मामा अक्षता पडेपर्यंत जागचा हलला नाही. पडल्या मात्र, त्याने पितळी परात डोक्यावर धरली आणि थेट गारांत उडी घेतली. "दखा! पडन्यात का नही?" परातीचा असा नाद उठला, की बॅंडवाल्यांनी दारातूनच त्याला साथ धरली. मंडपवाल्याने आपल्या फाटक्या कापडाकडे पाहिलं, एक गार उचलून तोंडात टाकली आणि कबूल केलं, "बरफ ज छे, मामा!" व्याह्यांनी स्वतःचा फेटा काढून मामाच्या डोक्यावर ठेवला. बिबड्यांवरून हसणाऱ्या बाया पुढे झाल्या. "मामा, बिबडे कवय घालूत?" मामाने आभाळाकडे पाहून, घाई न करता, चार दिवसांनी घाला म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला घेऊन एसटीडी बूथवर गेला आणि गावी केळीची बाग सांभाळणाऱ्या भावाला फोन लावला. तिकडे गार तर सोडा, थेंबही पडला नव्हता. म्हणजे ज्या मुलखासाठी अंदाज होता, तिथे तो साफ चुकला होता! आता याची पंचाईत होणार म्हणून मी त्याच्याकडे बघत राहिलो. मामा बूथमधून बाहेर आला तो डोळे पुसत आणि हसत. "भाऊनी केयी वाचनी रे! समद्या गारा आपीन आठे झेली लिन्यात." इतकी वर्षं तो गावाची थंडी, गावाचं वादळ इथे बसून का अंगावर घेत होता, ते मला त्या बूथच्या दारात समजलं. मी त्याचा हात धरला, आणि त्यानेही तो घर येईपर्यंत सोडला नाही.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी अजून सुरतेतच आहे. परवा गावाकडच्या मामाच्या मुलाचा फोन आला, की तिकडे आभाळ भरून आलंय. फोन ठेवला, खुंटीवरची छत्री काढली आणि कामाला निघालो. लिंबायतच्या रस्त्यावर लख्ख ऊन होतं, पण छत्री घरी ठेवायला काही मी परत फिरलो नाही.