बंडूचं पथ्य

जनावरांच्या डॉक्टरचा एक फायदा असतो. पेशंट काही बोलत नाही, त्यामुळे सगळं बोलणं नातेवाईकांचं, आणि किस्से आपोआप साठत जातात. दिल्लीत मयूर विहारमधल्या माझ्या क्लिनिकमध्ये वीस वर्षांत जेवढे साठले, त्यातले निम्मे एकट्या प्रधानांच्या घरचे आहेत.

प्रधानकाका केंद्र सरकारातून अंडर सेक्रेटरी म्हणून रिटायर झालेले. घरात मंगलाकाकू आणि बंडू. बंडू म्हणजे काळाकुळीत लॅब्रॅडॉर, वय नऊ, वजन सेहेचाळीस किलो. घर तिसऱ्या मजल्यावर आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही.

मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "काका, बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, याच्या लागत नाहीत. वजन उतरवा, नाहीतर मागचे पाय जातील. मग जिना कसा चढणार हा?"

काकांचा चेहराच उतरला. काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जरा सांभाळून सांग गं. रिटायरमेंटनंतर यांच्या हाताखाली उरलेला तो एकटाच आहे!"

*

दुसऱ्याच दिवशी बंडूची फाईल उघडली गेली. मी लिहून दिलेला डाएट चार्ट पहिल्या पानावर. पंधरा दिवसांनी बघते तर वजन जैसे थे.

"काका, बिस्किटं बंद केलीत ना?"

"प्रपोजल पुट अप केलंय. हिच्याकडे पेंडिंग आहे."

"मी क्वेरी काढली आहे," काकू म्हणाल्या. "चहाबरोबरचं बिस्किट जेवणात धरायचं की चहात?"

चाळीस वर्षं संसार केला की नवऱ्याच्या ऑफिसची भाषा येतेच.

*

पावसाळ्यात दिल्लीत गोचिडांचा सुळसुळाट असतो, आणि गोचीडताप कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून मी बजावलं होतं, रोज संध्याकाळी अंगावरून हात फिरवून बघा. कानात, बोटांच्या बेचक्यात, पोटाखाली. काकांनी लगेच रजिस्टर घातलं. महिनाभर रोजची नोंद एकच: 'निरंक.' खाली सही, तारीख.

मी बंडूला टेबलावर उताणा केला. पोटाखाली अकरा गोचीड!

"काका, हे काय?"

काका बिलकुल डगमगले नाहीत. "पोट माझ्याकडे येत नाही. पोट हिच्याकडे आहे."

"मला ऑर्डर मिळालेली नाही," काकू म्हणाल्या.

*

जूनमध्ये मी सांगितलं होतं की फिरायला नेण्याआधी रस्त्यावर हात टेकवून बघा. आपल्याला चटका बसला तर त्याच्या पावलांनाही बसणार. काका रोज गेटबाहेर वाकून, डोळे मिटून, मनात पाच आकडे मोजायचे.

आठवड्याभरानं शेजारचे शर्माजी त्याच जागी हात लावून तो कपाळाला लावताना दिसले. "अंकल, यहाँ कौन-सा स्थान है?" त्यांनी काकांना विचारलं. "कोई बताता ही नहीं!"

*

वजन काही हलेना. शेवटी मी वैतागून म्हटलं, "काकू, आठवड्यातून एक दिवस याला अगदी हलकं द्या. उपासच समजा."

महिन्यानं काट्यावर घेतलं, तर दीड किलो वाढलेलं!

"काकू, उपास होतोय ना नीट?"

"अगं, कडक! सोमवारी पोळीचा तुकडासुद्धा नाही. नुसती साबुदाण्याची खिचडी, तुपातली बटाट्याची भाजी आणि थोडी भगर."

"काकू!"

"दाण्याचं कूट कमी घालते हं त्याच्यासाठी."

"आणि संध्याकाळी सोडतो," काका म्हणाले.

*

हे सगळं बंद करवलं, तरी वजन तिथंच. मग शोध घेतल्यावर कळलं. शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली रोटी घातली की शनीची पीडा टळते, असं इथं पुष्कळ जण मानतात. सोसायटीत काळा कुत्रा एकच, आणि तोही न चावणारा. शनिवारी काका बंडूला घेऊन खाली उतरले की गेटपाशी डबे घेऊन माणसं उभीच!

"अंकल, पंडितजी ने ग्यारह शनिवार बोला है," एक बाई काकुळतीला येऊन म्हणाल्या. "अभी तो चार ही हुए हैं!"

काकांचा असल्या गोष्टींवर जन्मात विश्वास नाही. त्याच दुपारी सोसायटीच्या बोर्डावर टाईप केलेला कागद लागला: 'सर्व संबंधितों को सूचित किया जाता है कि बंडू किसी भी ग्रह का अधिकृत प्रतिनिधि नहीं है। आज्ञा से।'

रोट्या बंद झाल्या. डिसेंबरात बंडू चाळीस किलोवर आला. काकांनी माझा हात धरून त्याच्या अंगावर ठेवला. "लागतेय ना बरगडी?" लागत होती. मलाही फार आनंद झाला.

जानेवारीच्या थंडीत एक दिवस जिना चढताना बंडू दुसऱ्या मजल्यावर खाली बसला, तो उठेचना. चौघांनी चादरीत घालून त्याला माझ्याकडे आणला. एक्स-रे काढला, इंजेक्शनं सुरू केली. मागचे पाय परत कामाला लागतील की नाही, माझं मलाच सांगता येत नव्हतं, आणि काकांच्या तोंडाकडे तर बघवत नव्हतं. "दहा दिवस बघू," एवढंच म्हटलं.

त्या शनिवारी सकाळी मी इंजेक्शन द्यायला त्यांच्या घरी निघाले. धुकं होतं. गेटबाहेर काका उकिडवे बसले होते. समोर एक भटका काळा कुत्रा, काकांच्या हातात स्टीलचा डबा, आणि सरसोंच्या तेलाचा वास.

मला बघून काका उठले नाहीत.

"बंडूला साडेसाती आहे," ते म्हणाले. "जन्मवेळ अंदाजे धरली."

काकांनी डबा माझ्यापुढे केला.

"डॉक्टर, दोन पुरतील, की तीन द्यायच्या?"

"तीन द्या," मी म्हणाले.